'प्यूसिलॅनिमस' पाठ होतो आणि उडून जातो, तेव्हा काय करायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कोरेगावहून साताऱ्याला येऊन अभ्यासिकेत सीडीएसची, म्हणजे सैन्यदलांत अधिकारी होण्यासाठीच्या परीक्षेची तयारी करता. एका इंग्रजी दैनिकाच्या अग्रलेखात 'प्यूसिलॅनिमस' हे विशेषण दिसलं. मोबाइलवर अर्थ पाहिला, 'भित्रा' असा मिळाला, वहीत उतरवला. आठवड्यात विसरलात. पुन्हा पाठ केला, पुन्हा गेला. मित्र म्हणाला, लॅटिन मूळशब्दांची यादी पाठ कर, 'लहान' अधिक 'मन' असा हा शब्द आहे, एकदा मुळं कळली की असे शब्द आपोआप सुटतात. मग तुम्ही निबंधात 'माझा धाकटा भाऊ प्यूसिलॅनिमस आहे, तो अंधारात बाहेर पडत नाही' असं वाक्य लिहिलंत. सरांनी त्यावर लाल रेघ मारली, पण का ते सांगितलं नाही. आता विचारताय की यादी पाठ करू का, लॅटिन शिकू का, आणि पुढे मुलाखतीत असे शब्द वापरले तर छाप पडेल का.

यात दोन निरनिराळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत. शब्द लक्षात राहत नाही ही एक, आणि लक्षात असतानाही चुकीच्या जागी पडतो ही दुसरी. मित्राच्या यादीनं पहिलीत थोडी मदत होईल. दुसरीत मात्र ती यादी तुम्हाला खड्ड्यात घालू शकते, आणि या शब्दाच्या बाबतीत तर नक्कीच घालते. ते कसं, ते पुढे सांगतो.

मी साताऱ्यात एनडीए आणि सीडीएससाठी इंग्रजी शिकवतो. आपल्या जिल्ह्यात या परीक्षांना बसणाऱ्या पोरांची कमी नाही. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली इथेच निघाली, आणि अपशिंग्याला तर लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखतात. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं मराठी माध्यमातली असतात. व्याकरणात ती फारशी मागे पडत नाहीत, अडतात ती शब्दांपाशी. त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे.

एक गोष्ट मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, ती आधी ठरवा. तुम्हाला शब्द नुसता ओळखायचा आहे की वापरायचाही आहे? सीडीएसच्या इंग्रजीच्या पेपरात १२० प्रश्न, १०० गुण आणि दोन तास असतात, आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक तृतीयांश कापले जातात. तिथे समानार्थी किंवा विरुद्धार्थी शब्दावर खूण करायची असते, लिहायचं काही नसतं. तेवढंच हवं असेल तर निम्मी मेहनत पुरते. लिहिण्याबोलण्यात शब्द यायला हवा असेल तर काम दुप्पट नाही, चौपट आहे. तुमच्या प्रश्नावरून तुम्हाला दोन्ही हवंय असं दिसतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी विसरण्याबद्दल. तुमची स्मरणशक्ती ठीक आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं निरर्थक अक्षरसमूह स्वतःच पाठ करून आपण ते किती वेगानं विसरतो हे मोजलं आणि १८८५ साली प्रसिद्ध केलं. पहिल्या काही तासांतच बरंचसं निसटतं, आणि मध्ये अंतर ठेवून पुन्हा आठवलं तर टिकतं, हे त्यातून दिसलं. तुमच्या दृष्टीनं 'प्यूसिलॅनिमस' हा आज तसाच निरर्थक अक्षरसमूह आहे. 'डेंजरस' हा शब्द तुम्ही कधी पाठ केला होता का? तो रस्त्यावरच्या फलकांवर, बातम्यांत, क्रिकेटच्या समालोचनात सारखा भेटत राहिला आणि बसला. दुर्मीळ शब्द तुम्हाला शोधत येणार नाही. आज अग्रलेखात दिसला, पुन्हा कदाचित काही महिन्यांनी दिसेल. त्याच्या भेटी तुम्हालाच घडवून आणाव्या लागतात, आणि भेट म्हणजे वहीतली ओळ पुन्हा वाचणं नव्हे. अर्थ झाकून शब्द आठवायचा, मग शब्द झाकून अर्थ. दुसऱ्या दिवशी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं. वाचताना 'हो, हे मला येतं' असं वाटतं ना, तिथेच फसगत होते.

आता मुळांकडे येतो. आपल्याकडे गावात अनोळखी पोरगं दिसलं की म्हातारी माणसं विचारतात, 'कुणाचा रे तू?' घराणं कळलं की चेहरा लक्षात राहतो. लॅटिन मूळ हे शब्दाचं घराणं आहे, आणि लक्षात ठेवायला त्याचा उपयोग होतो, यात वाद नाही. पण घराणं कळलं म्हणून पोराचा स्वभाव कळत नाही. मित्राचा सल्ला इथेच अपुरा पडतो.

'प्यूसिलॅनिमस'चं घराणं असं: लॅटिनमध्ये 'पुसिलस' म्हणजे अगदी लहान, चिमुकला. 'अॅनिमस' म्हणजे मन, वृत्ती, आणि धैर्यसुद्धा. यादी पाठ करणारा विद्यार्थी 'लहान' अधिक 'मन' एवढं लिहितो आणि मराठीत येतो. मराठीत लहान मनाचा माणूस कोण? कोत्या मनाचा. दुसऱ्याचं बरं न बघवणारा, चहाच्या पैशांवरून वाद घालणारा. इंग्रजी शब्दात यातलं काहीच नाही. तिथे 'अॅनिमस'चं मराठी 'मन' नव्हे, 'छाती' आहे. 'एवढी छाती आहे का तुझी?' असं आपण म्हणतो त्या अर्थानं. प्यूसिलॅनिमस म्हणजे तेवढी छाती नसलेला.

हे मी उगाच ताणत नाही. वर्गातल्या सराव परीक्षेत या शब्दाच्या पर्यायांमध्ये मी मुद्दाम 'नॅरो-माइंडेड' ठेवतो. ज्यांनी मुळांची यादी घोकलेली असते ती मुलं हमखास त्यावर खूण करतात. ज्यांना शब्द अजिबात माहीत नसतो ती प्रश्न सोडून देतात आणि गुण तरी वाचवतात. अर्धवट माहितीनं इथे खरोखर नुकसान होतं.

मग या शब्दाचा नेमका स्वभाव काय? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल, पण ते फायद्याचं आहे. 'प्यूसिलॅनिमस'च्या विरुद्ध टोकाला 'मॅग्नॅनिमस' आहे, म्हणजे थोर मनाचा, उदार. ॲरिस्टॉटलनं ग्रीकमध्ये थोर मनाच्या माणसाचं वर्णन केलं होतं, लॅटिनमध्ये त्या गुणाला 'मॅग्नॅनिमिटास' हे नाव मिळालं. तेराव्या शतकात थॉमस ॲक्विनास या ख्रिस्ती तत्त्वज्ञानं या गुणाच्या विरुद्धचे दोष सांगितले, त्यात 'पुसिलॅनिमिटास' होता. त्याचं म्हणणं साधारण असं, की आपल्या कुवतीबाहेरचं काम अंगावर घेणं हा जसा दोष, तसंच कुवत असूनही कचरून मागे सरणं हाही दोषच.

ही शेवटची ओळ पक्की धरा. कुवत आहे, जबाबदारीही आहे, तरी माणूस मागे सरतो. शब्दात तिरस्कार आहे तो यामुळेच. तुमच्या धाकट्या भावाला अंधाराची भीती वाटते, त्यात दोष कसला? तो 'टिमिड' म्हणजे बुजरा आहे, किंवा नुसता 'स्केअर्ड', घाबरलेला. आठ-दहा वर्षांच्या पोराला प्यूसिलॅनिमस म्हणणं म्हणजे त्याच्यावर कर्तव्यच्युतीचा ठपका ठेवणं. सरांची लाल रेघ त्यासाठी होती. कारण सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण चाळीस वह्या तपासताना प्रत्येक रेघेखाली दोन ओळी लिहिणं जमत नाही, हेही खरं.

हा शब्द बहुधा पुढाऱ्यांना, समित्यांना, सरकारांना, संपादकांना लागतो. 'प्यूसिलॅनिमस रिस्पॉन्स', 'प्यूसिलॅनिमस लीडरशिप', 'प्यूसिलॅनिमस रिट्रीट' अशा जोड्या दिसतात. १९७० साली अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष स्पिरो ॲग्न्यू यांनी निवडणूक प्रचारात विरोधकांवर 'प्यूसिलॅनिमस पुसीफुटिंग' असा शेरा मारला होता. मांजराच्या पावलांनी चालल्यासारखं गुळमुळीत वागणं, असा त्याचा रोख. त्याच प्रचारात त्यांनी टीकाकारांना 'नॅटरिंग नेबॉब्ज' म्हटलं होतं. त्यातला 'नेबॉब' म्हणजे आपला नवाब. असो.

आता मराठी दैनिकाचा अग्रलेख डोळ्यांपुढे आणा. 'सरकारचं बोटचेपं धोरण', 'प्रशासनाची कचखाऊ भूमिका'. सापडली ना जागा? मराठी संपादक जिथे 'बोटचेपं' किंवा 'कचखाऊ' लिहितो, जवळजवळ तिथेच इंग्रजी संपादकाला 'प्यूसिलॅनिमस' सुचतो. मी मुलांच्या वहीत 'भित्रा' खोडायला लावतो आणि हे दोन शब्द लिहायला सांगतो. एकटा 'भित्रा' लिहिलेला असला की मेंदू तो कुठेही चिकटवतो, कुत्र्याला घाबरणाऱ्यालाही.

हा शब्द असा पुस्तकी का राहिला, तेही कळलं तर बरं. सोळाव्या शतकात इंग्लंडमधल्या विद्वानांनी लॅटिनमधून शब्दांच्या राशी आणल्या. काहींना ते आवडलं नाही. टॉमस विल्सन या लेखकानं १५५३ साली अशा 'शाईच्या दौतीतल्या' शब्दांची यथेच्छ टिंगल केली. त्या राशीतले काही शब्द रुळले, काही मेले. अडथळा आणणं या अर्थाचा 'इम्पीड' जगला, त्याचा उलट अर्थाचा जोडीदार 'एक्स्पीड' गेला. 'प्यूसिलॅनिमस' त्याआधीच धार्मिक आणि पंडिती लेखनातून आलेला, पण प्रकृती तीच. तो लेखणीतून आला आणि लेखणीतच राहिला. लंडनचा बसचालकसुद्धा घरी हा शब्द वापरत नसणार. तेव्हा तो येत नाही म्हणून न्यूनगंड बाळगू नका.

आपल्याकडेही हेच आहे. आपल्याच जिल्ह्यात वाईला मराठी विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली उभं राहिलं. त्याच्या नोंदी उघडल्या तर संस्कृत धातूंवरून बांधलेल्या संज्ञा पानोपानी दिसतात. तुम्ही सातवी-आठवीत 'उभयचर' शिकलात तेव्हा कुणी धातू फोडून सांगावा लागला नाही, कारण 'उभय' आणि 'चर' मराठीत जिवंत आहेत. लॅटिनचे तुकडे आपल्याला तसे जिवंत नाहीत. यादीत 'अॅनिमस म्हणजे मन' हे वाचणं म्हणजे एका अनोळखी शब्दासाठी दुसरा अनोळखी शब्द पाठ करणं. ओझं वाढलं, कमी कुठे झालं?

म्हणून मी उलट दिशेनं जातो. आधी त्याच घराण्यातला रोजचा शब्द घ्यायचा. 'युनॅनिमस' तुम्हाला माहीत आहे: ग्रामसभेत ठराव एकमतानं मंजूर झाला की तो युनॅनिमस. 'युनस' म्हणजे एक, आणि पुढे तोच अॅनिमस. मग 'मॅग्नॅनिमस', मोठ्या मनाचा. मग 'प्यूसिलॅनिमस'. हे तिन्ही ओळीनं मोठ्यानं म्हणून बघा. आघात प्रत्येक वेळी शेवटून तिसऱ्या अक्षरावर येतो: यु-नॅ-निमस, मॅग-नॅ-निमस, प्यूसि-लॅ-निमस. मराठीत असा जोर दिल्यानं अर्थ बदलत नाही, म्हणून आपण इंग्रजीचे लांब शब्द सपाट म्हणतो आणि मग ते जिभेवर बसतच नाहीत. जो शब्द मोठ्यानं म्हणता येत नाही तो आठवतही नाही, हा माझा पक्का अनुभव आहे. अभ्यासिकेत आवाज करता येत नसेल तर अजिंक्यतारा चढताना म्हणा.

मुळांचा सगळ्यात खात्रीचा उपयोग अर्थाला नाही, स्पेलिंगला होतो. 'पुसिलस'मध्ये डबल एल आहे, 'अॅनिमस'मध्ये एकच एन. म्हणून प्यूसिलॅनिमसमध्ये डबल एल आणि एकच एन. विद्यार्थी नेमकं उलटं लिहितात. मूळ माहीत असेल तर ती चूक होत नाही.

संस्कृतची मदत होते का? ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं होतं त्यांना होते. लॅटिन 'मॅग्नस' आणि संस्कृत 'महत्' एकाच मुळातले आहेत. 'अॅनिमस'च्या मागे श्वास घेण्याचा अर्थ असलेलं जे जुनं मूळ आहे, तेच आपल्या 'प्राण' आणि 'अनिल' या शब्दांच्या मागे आहे. झोप आणणारं या अर्थाचं 'सॉम्निफरस' हे आणखी एक अवघड विशेषण घ्या: त्यातला 'सॉम्नस' हा 'स्वप्न'चा भाऊबंद, आणि 'फर' हा 'भरति'मधल्या 'भृ' धातूचा. संस्कृतवाल्या मुलीला हे सांगितलं की तो शब्द पुन्हा सांगावा लागत नाही.

पण इथे एक कळकळीची विनंती. मोबाइलवर फिरणारे 'सगळी इंग्रजी संस्कृतातून निघाली' असले संदेश अभ्यासात आणू नका. विल्यम जोन्सनं १७८६ साली कलकत्त्यात मांडलं ते असं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या कुठल्यातरी समान उगमापासून निघाल्या असाव्यात. बहिणी आहेत, आई-मुली नव्हेत. शिवाय दिसण्यावरून नातं जोडलं तर फसायला होतं. लॅटिन 'डेउस' आणि आपला 'देव' नात्यातले, पण ग्रीक 'थिऑस' त्याच अर्थाचा आणि तसाच दिसणारा असूनही वेगळ्या मुळाचा.

मुळांच्या भरवशावर राहिल्यानं परीक्षेत जिथे गुण जातात अशा आणखी दोन-तीन जागा सांगून ठेवतो. 'पेड' दिसला की पाय, हे 'पेडेस्ट्रियन'ला चालतं, पण 'पीडिॲट्रिक'मधला 'पेड' ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ मूल. 'एनर्व्हेट' हा शब्द 'एनर्जी'सारखा दिसतो, म्हणून मुलं 'उत्साह आणणं' लिहितात. तो लॅटिन 'नर्व्हस' म्हणजे स्नायू, ताकद काढून घेण्यावरून आलाय, अर्थ आहे गलितगात्र करणं. आणि 'इग्रीजस'. मूळ अर्थ 'कळपातून वेगळा', पूर्वी तो स्तुतीसाठीही वापरत. आज 'इग्रीजस एरर' म्हणजे अक्षम्य, ढळढळीत चूक. इथे मूळ बरोबर आहे, जुना अर्थही बरोबर आहे, तरी उत्तर चुकतं, कारण मधल्या काळात शब्दच फिरला.

तर यादी पाठ करायची का? अख्खी नको. शंभर-दोनशे मुळांची पुस्तकं मिळतात, त्यातली बरीच एखाद-दुसऱ्या शब्दापुरतीच उपयोगी असतात. ज्यांच्यावरून तुम्हाला आधीच चार शब्द येतात तेवढीच उचला. बोलण्याच्या अर्थाचं 'लोक्वी' घ्या: प्रभावी बोलणारा 'एलोक्वंट', बडबड्या 'लोक्वेशस', भारदस्त शब्द फेकणारा 'ग्रँडिलोक्वंट' आणि पोटातून बोलणारा 'व्हेंट्रिलोक्विस्ट', म्हणजे आपला बोलक्या बाहुल्यांचा शब्दभ्रमकार. असं एक मूळ खरोखर पाचसहा शब्द सोडवतं. नवा दुर्मीळ शब्द दिसला की आधी आजूबाजूचं वाक्य वाचून अर्थाचा अंदाज बांधा, मग शब्दकोशात उदाहरणाची वाक्यं पाहा, कुठल्या नामाबरोबर आलाय ते लिहा, आणि मूळ सगळ्यात शेवटी बघा. अंदाज आणि मूळ जुळलं तर उत्तम. जुळलं नाही तर वाक्यावर विश्वास ठेवा.

लॅटिन शिकण्याबद्दल: आवड असेल तर परीक्षा झाल्यावर जरूर शिका, भाषा देखणी आहे. सीडीएससाठी मात्र तो वेळ उताऱ्यांच्या सरावाला द्या. आणि रोज एका अग्रलेखातून असा एकच शब्द घ्या. पाच घेतलेत तर पाचही जातील.

राहिला मुलाखतीचा प्रश्न. एसएसबीत, म्हणजे लेखी परीक्षेनंतरच्या निवड मंडळाच्या मुलाखतीत, हा शब्द वापरून छाप पाडायचा बेत असेल तर जरा थांबा. उच्चार अडखळला तर तिथेच हसू होतं, पण ती किरकोळ गोष्ट आहे. या शब्दानं तुम्ही कुणावर तरी आरोप करता, की जबाबदारी होती, ताकद होती, तरी तो मागे सरला. समोर बसलेले अधिकारी शब्दाचा अर्थ विचारणार नाहीत. ते विचारतील, 'त्याच्या जागी तुम्ही असता, तर काय केलं असतं?' आणि मग पुढची दहा मिनिटं त्यावरच जातील. त्याची तयारी असेल तर वापरा, नाहीतर 'वीक रिस्पॉन्स' म्हणा आणि पुढे चला.